घर कुणाचे, हे भाडेकरूने कुणाला विचारायचे?

कोकण किनाऱ्यावरच्या प्रशासनाला खुले पत्र

प्रति,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक,
किनाऱ्यावरच्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचे मुख्याधिकारी,
आणि आमच्या गावोगावचे सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या बाजारपेठेतून भोंगा लावलेली रिक्षा दोन दिवस फिरत होती. ‘घर भाड्याने देणाऱ्या सर्व मालकांनी भाडेकरूची माहिती, फोटो आणि आधारची प्रत पोलीस ठाण्यात जमा करावी, न केल्यास कारवाई करण्यात येईल.’ मी दुकानात बसून ऐकत होते. त्या वेळी माझ्या टेबलावर माझ्या भाचीचा भाडेकरार पडलेला होता. पाच पानांचा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत खोटा.

त्या सूचनेला माझा विरोध नाही. घरात कोण राहायला येतो हे पोलिसांना माहीत असायलाच हवे. पण घर देणारा खरोखर त्या घराचा मालक आहे का, हे भाडेकरूला कोण सांगणार? त्यासाठी रिक्षा फिरली नाही, फलक लागला नाही, खिडकी उघडली नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, आणि सगळ्यांनी वाचावे म्हणून उघड लिहिते आहे.

मी गेली नऊ वर्षे लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे घर भाड्याने देण्याचे, करार ऑनलाइन नोंदवून देण्याचे काम करते. मालक आणि भाडेकरू माझ्यासमोर बसतात, मशीनवर अंगठा ठेवतात, कॅमेऱ्याकडे बघतात, आणि दस्त क्रमांक पडला की दोघांचा जीव भांड्यात पडतो. खरा करार कसा दिसतो हे मला झोपेतसुद्धा सांगता येईल. तरीही माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी फसली, आणि मला कळले ते सगळे होऊन गेल्यावर. हा सल माझ्या मनातून जात नाही.

ती नर्स आहे. किनाऱ्यावरच्या एका तालुक्याच्या गावी तिला खासगी रुग्णालयात नोकरी लागली. शुक्रवारी पत्र आले, पुढच्या सोमवारी हजर व्हायचे. माहेर दुसऱ्या जिल्ह्यात, जायला एसटीने एक अख्खा दिवस, त्यात पावसाचे दिवस. तिने मोबाइलवर घर शोधले. चिऱ्याचे घर, पुढे तुळशीवृंदावन, आत नवीन फरशी, भाडे ८,००० रुपये. फोनवरचा माणूस गोड बोलणारा. म्हणाला, मी सैन्यात आहे, बदली झाली, घर रिकामे ठेवण्यापेक्षा चांगल्या माणसाला द्यायचे आहे. त्याने ओळखपत्राचा फोटो पाठवला, गणवेशातला फोटो पाठवला, आधार पाठवले. मग म्हणाला, दुसरे एक कुटुंब घर बघून गेलेय, ताई तुम्ही टोकन दिलेत तर मी त्यांना नाही म्हणतो. ५,००० टोकन गेले. करार तयार करून पाठवतो, तीन महिन्यांचे डिपॉझिट द्या. २४,००० गेले. चावी शेजाऱ्यांकडे ठेवली आहे, पहिल्या महिन्याचे भाडे आले की त्यांना फोन करतो. ८,००० गेले. सगळे मिळून ३७,००० रुपये, दोन दिवसांत.

पैसे पाठवताना स्क्रीनवर त्या माणसाचे नाव येत नव्हते, कुठल्यातरी जनरल स्टोअर्सचे नाव येत होते. तिने विचारलेसुद्धा. तो म्हणाला, ते आमच्या घरच्या दुकानाचे खाते आहे. अशी खाती कशी मिळवतात हे मला नंतर कळले. महिन्याला दोन-पाच हजारांच्या आमिषाने कुणा गरजूचे खाते वापरायला घेतात. म्हणजे या सगळ्या प्रकरणात खरोखर भाड्याने गेलेली एकच वस्तू होती, ते बँक खाते.

रविवारी ती टेम्पोत गादी, गॅस आणि दोन बॅगा घेऊन त्या वाडीत उतरली. घर होते, तुळशीवृंदावनही होते. दाराला गंजलेले कुलूप होते आणि पडवीत पाल्याचा खच पडलेला. गडग्यापलीकडून एक आजी आल्या आणि म्हणाल्या, “बाय, तुला ह्ये घर दिलान कुनी? मालक तं मुंबयला, गनपतीला येतो फक्त.”

टेम्पोवाला भाड्यासाठी खोळंबला होता. तिने मला फोन केला तेव्हा ती रडत नव्हती. “मावशी, सामान कुठे उतरवू?” एवढेच विचारत होती.

तो करार मी त्या रात्री भिंगाखाली धरावा तसा बघितला. पाचही पानांवर नोटरीचा गोल शिक्का होता आणि पाचही पानांवर तो त्याच कोनात वाकडा होता. शिक्क्याच्या खालच्या कडेला शाईचा बारीक डाग होता, तोही प्रत्येक पानावर त्याच जागी. माणसाने हाताने मारलेले पाच शिक्के असे कधी उमटत नाहीत. एकच चित्र पाच वेळा चिकटवलेले होते. आणि घराच्या फोटोंत स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर दहा-बारा मजली इमारत दिसत होती. त्या वाडीत माडाहून उंच काही नाही. बाहेरचा फोटो इथल्या घराचा, आतले फोटो कुठल्यातरी शहरातल्या फ्लॅटचे.

हे मला दिसले, कारण माझे पोट या कामावर आहे. तेवीस वर्षांच्या मुलीला, मोबाइलच्या बोटभर पडद्यावर, नोकरीच्या घाईत ते दिसायला हवे होते असे कुणी म्हणू नये. तिला तसे म्हणणारे भेटले, तेही ज्यांच्याकडे ती मदत मागायला गेली होती त्यांच्यातले. म्हणून आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार पोलीस ठाण्यांबद्दल आहे. नाव घेत नाही, कारण मला एका माणसावर राग काढायचा नाही. जिथे घर होते तिथल्या ठाण्यात सांगितले, पैसे तुम्ही माहेरहून पाठवलेत, तिकडे तक्रार द्या. माहेरच्या ठाण्यात सांगितले, घर तिकडचे आहे, तिकडे द्या. एका ठिकाणी तर ‘भाड्याचा वाद दिवाणी असतो’ असेही ऐकवले. साहेब, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुणाच्या हद्दीत घडला हे बघून परत पाठवता येत नाही. झिरो एफआयआर म्हणतात तो हाच. मालक असल्याचे सोंग घेऊन ऑनलाइन पैसे उकळणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ आणि ३१९ खालची फसवणूक आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ड तर याच कामासाठी आहे. यात दिवाणी काय आहे? जिच्याशी वाद घालायचा ती दुसरी बाजूच अस्तित्वात नाही.

या ये-जा करण्यात जे गेले ते परत येणारे नव्हते. ऑनलाइन फसवणुकीत पहिले काही तासच हातात असतात. १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच कळवले तर पैसा ज्या खात्यात पोहोचला असेल तिथे रोखून धरता येतो. उशीर झाला की तो एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जातो आणि एटीएममधून बाहेर पडतो. भाचीला १९३० माहीत नव्हता. तिने आधी बँकेत फोन लावला, रविवार होता. मी संध्याकाळी १९३० वर तक्रार नोंदवली. ३७,००० पैकी ६,२०० रुपये एका खात्यात रोखले गेले. ते परत मिळवण्यासाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि हेलपाटे अजून चालू आहेत.

बँकेबद्दल थोडेच लिहिते, कारण त्यांना तुम्ही आदेश देऊ शकत नाही हे मला कळते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढले, अनधिकृत व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी मर्यादित ठेवणारे. पण इथे पिन तिने स्वतःच्या बोटांनी टाकला, म्हणून तिच्या बँकेच्या लेखी व्यवहार अधिकृत. गेलेला पैसा परत येण्याचा रस्ता इतका अरुंद असेल तर तो जाण्याआधी अडवणे, एवढेच आपल्या हातात उरते. आणि ते काम तुमच्या अखत्यारीत येते.

दुसरी तक्रार मोठी आहे, ती नीट ऐकून घ्या.

आमचा किनारा बंद घरांचा आहे. घरटी एक तरी माणूस मुंबई, ठाणे, डोंबिवली, विरारला. घरे उघडतात गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात. वर्षातले उरलेले दिवस कुलूप. फसवणाऱ्याला याहून चांगली जागा कुठे मिळणार? रस्त्यावरून जाताना फोटो काढायचा, अडवायला कुणी नाही, आणि मालकाला महिनोन्महिने पत्ता नाही. दुसरीकडे बाहेरून येणारी माणसे वाढली आहेत. अलिबाग, रत्नागिरी, सिंधुदुर्गात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आली. दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, लोट्याला औद्योगिक वसाहत आहे. शिक्षक, बँकेतले, महावितरणमधले लोक बदलीने येत असतात. वसतिगृहे आणि क्वार्टर्स सगळ्यांना पुरत नाहीत. घर हवे असलेला माणूस लांबचा, घराचा मालकही लांबचा. मध्ये जी पोकळी आहे तिथे तो गोड बोलणारा माणूस बसला आहे.

‘आधी घर बघा, मग पैसे द्या’ हा सल्ला मी स्वतः दहा वेळा दिलेला आहे. तो बरोबरच आहे. पण घर बघूनही मालकी कळत नाही. भाचीने घर आधी बघितले असते तर कुलूप बघितले असते, चावी शेजाऱ्यांकडे आहे असे ऐकले असते, कदाचित समोर दलाल म्हणून कुणी उभाही राहिला असता. मालकी कळते ती कागदावर, आणि कागद तुमच्याकडे आहेत. गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंद, शहरात नगरपरिषदेची घरपट्टीची आकारणी. हे दोन कागद ज्याच्या नावावर, त्याच्याशी भाडे मागणाऱ्याचे नाते काय, हे कळले की निम्मी फसवणूक तिथेच थांबेल.

मला माहीत आहे, तुम्ही म्हणाल कोकणात हे सोपे नाही. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे, घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर, वारस नोंद झालेली नाही, भाऊबंदकीत घर अडकलेले. खरे आहे. माझ्याकडे करार करायला येणाऱ्यांत दर चौथा माणूस ‘वडिलांच्या नावावर आहे, पण आम्हीच बघतो’ म्हणतो. पण गावाला माहीत असते. कुठल्या घराची चावी कुणाकडे, मुंबईहून कोण येतो, घर भाड्याला काढलेय की नाही, हे वाडीतल्या त्या आजींना माहीत होते. त्यांच्यापर्यंत भाची टेम्पो घेऊन पोहोचली. पैसे पाठवण्याआधी एक फोन करून ग्रामपंचायतीतून तेच कळले असते तर?

तिने तोही प्रयत्न केला होता हो. पत्त्यावरून ग्रामपंचायतीचे नाव काढून तिथे फोन लावला. तिकडून उत्तर आले, ‘अशी माहिती फोनवर देता येत नाही, अर्ज करा.’ अर्ज करून उत्तर येईपर्यंत सोमवार निघून गेला असता.

तिसरी तक्रार कायद्याच्या अंमलाबद्दल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच असला पाहिजे, नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. प्रत्यक्षात आमच्या भागात अजूनही मुद्रांकावर टाइप करून नोटरीकडे नेलेला कागद म्हणजेच करार, अशी समजूत आहे. लोकांनी खरा नोंदणीकृत करार बघितलेलाच नसतो, म्हणून खोटा ओळखता येत नाही. खर्चाची भीतीही उगाच आहे. ८,००० रुपये भाडे आणि अकरा महिने धरले तर एकूण भाडे ८८,०००. त्याचा पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे २२० रुपये, त्यात डिपॉझिटमुळे थोडे वाढतात. नोंदणी फी शहरात १,०००, ग्रामीण भागात ५००. ३७,००० घालवण्यापेक्षा हे किती स्वस्त आहे! नोंदणी करताना मालकाचा अंगठा आधारशी जुळावा लागतो. त्या गोड बोलणाऱ्या माणसाने तो अंगठा कुठून आणला असता?

दलालांविषयी एकच ओळ. महारेराकडे, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी करावी लागते ती प्रकल्पांतली घरे विकून देणाऱ्या दलालाला. भाड्याने खोली दाखवून महिन्याचे भाडे दलाली म्हणून घेणाऱ्यावर तसे कुणाचेच लक्ष नाही.

आता मागण्या. यातली एकही अशी नाही की जिला नवा कायदा किंवा मोठा निधी लागेल.

भाडेकरूच्या माहितीचा जो फॉर्म पोलीस ठाण्यात घेता, त्याच फॉर्मवर मालकाचा भाग जोडा. घरपट्टीची चालू पावती किंवा नमुना ८ चा उतारा, मालक दुसरा असेल तर त्याचे अधिकारपत्र. आणि त्या फॉर्मची शिक्का मारलेली प्रत भाडेकरूला द्या. आज ती प्रत मालकाकडे किंवा ठाण्याच्या कपाटात राहते.

प्रत्येक नगरपरिषदेत आणि ग्रामपंचायतीत कामाच्या वेळेत एक फोन असा ठेवा, जिथे घर क्रमांक आणि मालक म्हणवणाऱ्याचे नाव सांगितले की ‘जुळते’ किंवा ‘जुळत नाही’ एवढेच उत्तर मिळेल. मालकाचा पत्ता नको, नंबर नको, बाकी काही नको. खासगीपणाचा प्रश्नच येत नाही, कारण नाव आम्हीच सांगणार आहोत. वारस नोंदीचा घोळ असेल तर ‘खात्री देता येत नाही’ म्हणा. तेवढ्यानेसुद्धा माणूस पैसे पाठवताना थांबेल.

सर्व ठाणे अंमलदारांना पोलीस अधीक्षकांनी लेखी सूचना द्यावी की भाड्याच्या नावाखालची ऑनलाइन फसवणूक घेऊन आलेल्याला हद्दीच्या कारणाने परत पाठवायचे नाही. आधी त्याच्यासमोर १९३० ला फोन लावायचा, मग बाकीचे विचारायचे. मुलीला ‘तू शिकलेली असून कशी फसलीस’ हे विचारणे तपासाचा भाग नाही.

एसटी स्थानके, रेल्वे स्थानकांबाहेरच्या जागा, महाविद्यालये, रुग्णालये इथे १९३० चा फलक मोठ्या अक्षरांत लावा. शासनाच्या सायबर गुन्हे पोर्टलवर संशयित फोन नंबर आणि यूपीआय आयडी तपासून बघण्याची सोय आहे, दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर संशयित फोन-मेसेज कळवायला ‘चक्षू’ आहे, पण माझ्या दुकानात येणाऱ्या शंभरातल्या दोघांनाही ते ऐकून माहीत नसते. भोंग्याची रिक्षा पुढच्या वेळी फिरेल तेव्हा ही दोन वाक्येही तिने बोलावीत.

महाविद्यालये आणि रुग्णालये नेमणुकीच्या किंवा प्रवेशाच्या पत्रासोबत तपासलेल्या घरांची यादी देतील, असे जिल्हाधिकाऱ्यांनी बैठक घेऊन ठरवावे. यादी वीस घरांची असली तरी चालेल. शुक्रवारी पत्र आणि सोमवारी हजर, या तीन दिवसांतच मुले सापडतात.

मुंबईला असलेल्या घरमालकांनाही या पत्रातून हात जोडून सांगते. तुमच्या बंद घराचा फोटो कुणी वापरतो आहे का, अधूनमधून बघा. गडग्यापलीकडच्या शेजाऱ्याला तुमचा चालू नंबर देऊन ठेवा. घर भाड्याने द्यायचे नसेल तर दाराला तशी पाटी लावा, मोबाइल नंबरासकट. त्या वाडीतल्या घराच्या मालकांना आम्ही फोन केला तेव्हा ते बिचारे आमच्याहून जास्त घाबरले. त्यांच्या वडिलांनी बांधलेल्या घराच्या नावावर कुणाचे तरी पैसे गेले, हे त्यांना सहन होत नव्हते. दुसऱ्या आठवड्यात ते स्वतः आले, पडवी झाडली, पाटी लावली, आणि भाचीला म्हणाले, तुला राहायचे असेल तर ये, डिपॉझिट नको. ती गेली नाही. त्या दाराकडे बघवत नाही म्हणाली. आता चार मुलींबरोबर एका खोलीत राहते. तिची गादी आणि गॅस अजून माझ्या दुकानाच्या माडीवर आहे.

या पत्राच्या प्रती मी तिन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांत आणि पोलीस अधीक्षक कार्यालयांत पोस्टाने पाठवते आहे, पोच घेऊन. आमच्या ग्रामपंचायतीत १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपुढे मालकी-खातरजमेच्या फोनचा ठराव मी मांडणार आहे. सूचक मी आहे, अनुमोदक म्हणून वाडीतल्या त्या आजींनी अंगठा द्यायचे कबूल केले आहे. तुमच्याकडून मला लेखी उत्तर हवे आहे: यातले काय करणार, कधीपासून करणार, आणि जे करणार नाही ते का नाही.

आपली,
भाडेकरार नोंदवून देणारी एक सेवाचालक
आणि एका फसवल्या गेलेल्या मुलीची मावशी